महासाथ आणि घरातली दीर्घ शुश्रूषा : मोजायचे कसे?

एखादी मोठी साथ येऊन गेली की तिचा हिशेब दोन आकड्यांत मांडण्याची आपल्याला सवय आहे. लागण किती जणांना झाली आणि त्यांपैकी किती दगावले, हे ते दोन आकडे. कोविड-१९ च्या महासाथीत हे आकडे रोज जिल्हावार जाहीर होत, तसे जालना जिल्ह्याचेही होत. परंतु साथ येण्याच्या आधीपासूनच जी माणसे दुसऱ्याच्या हाताने जगत होती, त्यांचे या काळात काय झाले हे त्या आकड्यांतून कळत नाही. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा, स्मृती गेलेली आजी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा गृहस्थ, क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या औषधांपैकी दोन महिन्यांचीच औषधे पुरी झालेली तरुणी, ही ती माणसे. यांच्यापैकी अनेकांना कोविड झालाही नसेल. तरीही साथीने त्यांच्या आयुष्यावर परिणाम केला असणे शक्य आहे. तो झाला की नाही, झाला असल्यास किती, हे शास्त्रीय रीतीने कसे ठरवायचे, याचा विचार या लेखात करू.

दीर्घ शुश्रूषा म्हणजे काय?

ताप आला, औषध घेतले, चार दिवसांत बरे वाटले, ही झाली अल्पकाळाची शुश्रूषा. काही माणसांना मात्र महिनोन् महिने, कित्येकदा आयुष्यभर, दुसऱ्याची मदत लागते. ही मदत दोन प्रकारची असते. एक, सतत चालू ठेवावे लागणारे उपचार. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, क्षयरोग ही त्याची उदाहरणे. दुसरा प्रकार म्हणजे रोजच्या साध्या क्रियांना लागणारा हात.

'रोजच्या साध्या क्रिया' हे शब्द ढोबळ वाटतात, पण त्यांचे मापन करता येते. सिडनी कॅट्झ या अमेरिकी वैद्याने १९६३ साली त्यासाठी सहा क्रियांची यादी सुचवली. आंघोळ करणे, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी किती क्रिया माणूस स्वतः करू शकतो, यावरून त्याचे परावलंबन ठरते. पद्धत इतकी सोपी आहे की ती वापरायला उपकरण लागत नाही. म्हणूनच साठ वर्षांनंतरही जगभर ही यादी, थोड्याफार फरकाने, वापरात आहे.

जेथे यादी होती तेथे काय दिसले?

श्रीमंत देशांत परावलंबी वृद्धांपैकी बरेच जण शुश्रूषागृहांत राहतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कर्कलंड येथे असे एक शुश्रूषागृह आहे. २०२० च्या फेब्रुवारीअखेर तेथे कोविडचा उद्रेक झाल्याचे उघडकीस आले. १८ मार्चपर्यंत या एका ठिकाणाशी संबंध असलेले १६७ रुग्ण निश्चित झाले. त्यांत १०१ निवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीस आलेली माणसे होती. कॅनडात २५ मे २०२० पर्यंत कोविडने झालेल्या मृत्यूंपैकी ८१ टक्के मृत्यू शुश्रूषागृहांत राहणाऱ्यांचे होते. त्याच सुमारास इतर विकसित देशांची सरासरी ३८ टक्के होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ८१ हा आकडा ३८ पेक्षा मोठा, म्हणून कॅनडातील एकूण परिस्थिती दुपटीने वाईट, असा निष्कर्ष काढता येत नाही. टक्केवारी हा एक अपूर्णांक असतो. शुश्रूषागृहांबाहेर मृत्यू कमी झाले तर छेद लहान होतो आणि टक्केवारी वाढते. पहिल्या लाटेत कॅनडात काहीसे तसेच घडले. अंशाबरोबर छेदही पाहावा, हा धडा आपल्याला पुढे वारंवार लागणार आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे आकडे मिळाले, कारण त्या घरांत कोण राहते याची यादी साथ येण्यापूर्वीच तयार होती.

जालन्यात यादी कोठे आहे?

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके या जिल्ह्यात आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती आणि पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहत होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील साठीच्या पुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के आले होते. जालन्याचे प्रमाण साधारण तेवढेच धरले, तर जिल्ह्यात तेव्हा एक लाख नव्वद हजारांच्या आसपास वृद्ध होते असा अंदाज निघतो. त्यांच्यापैकी ज्यांना शुश्रूषा लागते, त्यांची शुश्रूषा जवळजवळ सर्वस्वी घरातच होते. सून, लेक, पत्नी, कधी मुलगा, कधी शाळेत जाणारी नात ती करते.

घरातली शुश्रूषा कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही. आजोबा रुग्णालयात दाखल झाले तर त्यांना क्रमांक मिळतो आणि वारले तर ग्रामसेवकाच्या मृत्यूनोंदवहीत नाव येते. या दोन घटनांच्या मधली दहा वर्षे ते अंथरुणावर होते आणि त्यांना दिवसातून चार वेळा कुशीवर वळवावे लागत होते, हे कोठेही लिहिलेले नसते. मग साथीत त्यांना वळवणारे हात काही आठवडे मिळाले नाहीत, हे तरी कोठून कळणार?

असे पूर्वीही घडले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची लोकसंख्या १९११ साली सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. या घटीमागे केवळ ती साथ नव्हती, दुष्काळ आणि इतर रोगही होते. पण साथीचा वाटा मोठा होता. संपूर्ण हिंदुस्थानात त्या साथीने किती बळी घेतले याचे वेगवेगळ्या अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. मृत्यूंच्या बाबतीत निदान एवढा अंदाज तरी करता आला, कारण दर दहा वर्षांनी शिरगणती होत होती. ज्या घरांतील कर्ती माणसे गेली, त्या घरांतील म्हाताऱ्यांना पुढे कोणी सांभाळले, याबद्दल शंभर वर्षांनी आज आपण काहीही सांगू शकत नाही. जी गोष्ट लिहून ठेवली जात नाही तिचा अभ्यास नंतर कितीही बुद्धिमान माणसाला करता येत नाही.

परिणाम कोणकोणत्या वाटांनी पोहोचतो?

मोजण्यापूर्वी काय मोजायचे ते ठरवावे लागते. साथीचा परिणाम परावलंबी माणसापर्यंत निदान चार वाटांनी पोहोचतो.

पहिली वाट सरळ आहे. त्या माणसालाच संसर्ग होतो. वृद्ध आणि आधीच आजारी असलेल्यांना कोविडचा धोका अधिक होता, हे सर्वज्ञात आहे.

दुसरी वाट तुटलेल्या उपचारांची. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. एस.टी. थांबली, दवाखान्यांतील मनुष्यबळ कोविडकडे वळले, औषधे आणण्यासाठी तालुक्याला जाणे अवघड झाले.

तिसरी वाट शुश्रूषा करणाऱ्यामार्फत जाते. सांभाळणारी व्यक्ती स्वतः आजारी पडते, विलगीकरणात जाते, मरण पावते किंवा दूर अडकून पडते. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी जोडपी कारखान्यांवर जातात. घरी म्हातारी माणसे आणि काही वेळा मुले राहतात. टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता आणि राज्यातील ३८ साखर कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार अडकले होते. त्यांना गावी परतण्याची परवानगी १७ एप्रिल २०२० रोजी मिळाली. या तीन-साडेतीन आठवड्यांत गावाकडे राहिलेल्या परावलंबी माणसांची जबाबदारी कोणावर पडली असेल, हा अभ्यासाचा विषय आहे.

चौथी वाट मिळकतीची. मजुरी बुडाली की आधी दूध कमी होते, मग औषधाची चिठ्ठी खिशातच राहते.

परिणाम नेहमी एकाच दिशेने होतो असे मात्र समजू नये. पुण्या-मुंबईत कामाला असलेली मुले त्या काळात गावी परतली, तेव्हा काही घरांत शुश्रूषेला हात वाढलेही असतील. म्हणून 'साथीमुळे शुश्रूषा बिघडली' हे आधीच धरून चालता येत नाही. ते एक गृहीतक आहे आणि ते चूक ठरण्याची शक्यता खुली ठेवूनच पाहणी करावी लागते.

खड्डा दिसतो, पण कशाचा?

दीर्घ उपचारांपैकी ज्यांची नोंद होते, त्यांच्याकडे आधी पाहू. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत होते. देशभरात २०१९ मध्ये २४.०४ लाख रुग्णांची नोंद झाली. २०२० मध्ये ती १८.०५ लाखांवर आली. म्हणजे एका वर्षात सुमारे पाव हिस्सा घट झाली.

हा आकडा वर्गात फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे, 'क्षयरोग कमी झाला काय?' निम्मे हात वर येतील. मग विचारावे, 'नोंद कोणाची होते?' जो दवाखान्यात पोहोचतो, ज्याचा बेडका तपासला जातो, त्याची. टाळेबंदीत पोहोचणे कमी झाले. क्षयरोगाच्या तपासणीची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे अनेक ठिकाणी कोविडच्या तपासणीकडे वळवली गेली. मुखपट्टी आणि अंतर यांमुळे नवा संसर्ग थोडा कमी झालाही असेल, परंतु क्षयरोग शरीरात सावकाश वाढणारा रोग असल्याने एका वर्षात रुग्ण एकदम पावपट घटणे संभवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये क्षयरोगाने होणारे जगातील मृत्यू, अनेक वर्षांच्या उतारानंतर, पुन्हा वाढले. २०२२ मध्ये भारतातील नोंद पुन्हा सुमारे २४ लाखांवर गेली आणि २०२३ मध्ये त्याच्याही पुढे गेली. तेव्हा २०२० चा खड्डा रोगाचा नव्हता, बव्हंशी नोंदीचा होता. नोंदवही होती म्हणून हा खड्डा निदान दिसला.

दुसरे उदाहरण राजस्थानचे. तेथे सरकारी विमा योजनेच्या नोंदींतून डायलिसिस घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या घरी फोन करून अभ्यासकांनी चौकशी केली. टाळेबंदीमुळे ६३ टक्के रुग्णांच्या उपचारांत खंड पडल्याचे आढळले. या रुग्णगटातील मृत्यूंचे प्रमाण मे २०२० मध्ये त्या वर्षीच्या मार्चपेक्षा ६४ टक्क्यांनी अधिक होते. हा अभ्यास शक्य झाला तोही एका यादीमुळेच.

आता मृत्यूंच्या नोंदी पाहू. देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १०२ लाख मृत्यू नोंदले गेले. यांतील सर्व वाढ साथीची म्हणता येणार नाही, कारण मृत्यू नोंदवण्याचे प्रमाण आपल्याकडे आधीपासूनच दरवर्षी वाढत होते. साथ आली नसती तर किती मृत्यू झाले असते, याचा अंदाज करून तो प्रत्यक्ष आकड्यातून वजा करावा लागतो. या वजाबाकीला 'अधिक मृत्यू' म्हणतात. अंदाज कसा बांधला यावर उत्तर अवलंबून असते, म्हणून त्यावर वादही होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मिळून भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. भारत सरकारने ती पद्धतच अमान्य केली.

याच नोंदींत शुश्रूषेच्या दृष्टीने आणखी एक बोलका आकडा आहे. नोंदलेल्या मृत्यूंपैकी ज्यांना अखेरच्या वेळी कोणतीही वैद्यकीय मदत मिळाली नाही, त्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ३४.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ४५ टक्के झाले. म्हणजे त्या वर्षी दर शंभर मृतांमागे आणखी दहा-अकरा माणसे घरच्यांच्याच हातांवर गेली. त्या हातांनी काय काय केले असेल, हे मृत्यूच्या नोंदवहीत लिहिण्याची सोय नाही.

तुलनेचे तीन नियम

समजा, जालन्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मार्च २०२० मध्ये रक्तदाबाच्या गोळ्या नेणारे २०० रुग्ण होते आणि मे महिन्यात १२० झाले. ८० रुग्ण साथीमुळे तुटले असे म्हणावे काय? हे आकडे काल्पनिक आहेत, पण त्यांवरून तुलनेचे तीन नियम समजतात.

पहिला नियम, ऋतूची तुलना त्याच ऋतूशी करावी. मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हात दवाखान्यातली गर्दी एरवीही ओसरते. म्हणून मे २०२० ची तुलना मे २०१९ शी करावी. मे २०१९ मध्ये १६० रुग्ण आले असतील, तर घट ८० ची नसून ४० ची आहे.

दुसरा नियम, छेद तपासावा. बाहेरगावी गेलेली माणसे परत आल्याने गावची वस्ती वाढलेली असू शकते. मग १२० हा आकडा मोठ्या वस्तीतून आलेला आहे आणि घट दिसते त्यापेक्षा अधिक आहे. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे छेदासाठी २०११ चे जुने आकडे पुढे वाढवून वापरावे लागतात, ही अडचण लक्षात ठेवावी.

तिसरा नियम, ज्यांच्यावर परिणाम कमी झाला असेल असा गट शेजारी ठेवावा. ज्या गावात उपकेंद्र आहे तेथील आणि जेथून दवाखाना पंधरा किलोमीटर दूर आहे तेथील रुग्ण घेतले, तर दोन्ही गावांत साथ होती, फरक फक्त अंतराचा. दूरच्या गावात घट ६० ची आणि जवळच्या गावात २० ची दिसली, तर या ४० च्या फरकात वाहतूक बंद असण्याचा वाटा असावा, असे म्हणायला आधार मिळतो.

या तिन्ही नियमांना साथीपूर्वीची पायाभूत माहिती लागते. सुदैवाने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या तोंडावरच, झाले होते. जिल्हावार मधुमेह आणि रक्तदाबाची माहिती त्यात आहे. वृद्धांबाबत मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या साहाय्याने २०१७-१८ मध्ये देशव्यापी पाहणी केली. तिच्यात ७२ हजारांहून अधिक लोक होते आणि दैनंदिन क्रियांबद्दलचे प्रश्नही होते. पुणे जिल्ह्यात वढू परिसरातील २२ गावांत २००२ पासून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सतत नोंद ठेवली जाते. असा एखादा टापू मराठवाड्यात असता, तर वरील प्रश्नांपैकी कित्येकांची उत्तरे घरबसल्या मिळाली असती.

किती घरे पाहावीत?

संपूर्ण जिल्हा पाहणे शक्य नसते, तेव्हा नमुना निवडावा लागतो. मे-जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ७० जिल्ह्यांत रक्ततपासणीची पाहणी केली. महाराष्ट्रातील सहा जिल्हे त्यात होते. जालना नव्हता, पण त्याला लागून असलेले बीड आणि परभणी होते. प्रत्येक जिल्ह्यात दहा ठिकाणे निवडून सुमारे ४०० प्रौढांचे नमुने घेतले गेले.

चारशेच का? एक ढोबळ नियम असा, की नमुन्यातील संख्येचे वर्गमूळ काढावे आणि १ ला त्याने भागावे. ४०० चे वर्गमूळ २०, आणि विसाचा एक भाग म्हणजे ५ टक्के. म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० माणसांवरून काढलेली टक्केवारी खऱ्या टक्केवारीपासून बहुधा पाच टक्क्यांपेक्षा जास्त चुकत नाही. एकाच वाडीतील माणसे घेतली तर ती एकमेकांसारखी असतात, म्हणून चूक थोडी वाढते.

शुश्रूषेच्या पाहणीत मात्र हा हिशेब अपुरा पडतो. समजा, पन्नास घरांमागे एका घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे. तर ४०० घरे फिरून अशी फक्त आठ घरे सापडतील. आठ घरांवरून जिल्ह्याबद्दल काय सांगणार? म्हणून अशी पाहणी दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्यात निवडलेल्या गावांतील प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारायचा, की रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागणारे कोणी घरात आहे का, किंवा २०२० पूर्वी होते का? दुसऱ्या टप्प्यात 'होय' म्हणणाऱ्या घरांतच सविस्तर चौकशी करायची. साधारण हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती असते. घर न् घर तिच्या ओळखीचे असल्याने पहिला टप्पा तिच्या मदतीने काही दिवसांत पुरा होऊ शकतो. महाराष्ट्रात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत पथके घरोघर गेलीच होती. त्या मोहिमेचा हेतू ताप, रक्तातील प्राणवायूची पातळी आणि जुने आजार तपासण्याचा होता, शुश्रूषा मोजण्याचा नव्हता. पण दारापर्यंत पोहोचणे शक्य असते, एवढे तिने दाखवून दिले.

वरील प्रश्नातील 'होते का' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. आज जिवंत असलेल्या परावलंबी माणसांनाच भेटलो, तर जे साथीच्या काळात गेले ते पाहणीतून आपोआप वगळले जातात. मग चित्र उजळ दिसते, कारण ज्यांची शुश्रूषा कोलमडली ते उत्तर द्यायला उरलेलेच नसतात. याला वाचलेल्यांचा पक्षपात म्हणता येईल.

आठवणीचाही प्रश्न असतो. 'औषध किती दिवस बंद होते?' याला पाच वर्षांनी कोण नेमके उत्तर देणार? अशा वेळी तारखा न विचारता गावच्या दिनक्रमातील खुणा विचाराव्यात. कापसाची पहिली वेचणी, पोळा, टोळी कारखान्यावरून परतली तो आठवडा, गावात लस आली तो दिवस. या खुणांना धरून माणसे पुष्कळ नेमके सांगतात. मृत्यूचे कारण घरच्यांना विचारून ठरवण्याच्या पाहण्यांतही अशा खुणांचा उपयोग होतो.

सांभाळणाऱ्याचे मोजमाप

शुश्रूषा घेणाऱ्याप्रमाणे ती देणाऱ्याचाही विचार केला पाहिजे. त्यासाठी वेळ हे चांगले माप आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर कालविनियोग पाहणी केली. घरच्या माणसांची विनावेतन काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ७६ मिनिटे. ही आकडेवारी सहा वर्षांवरील सर्वांची आहे आणि तिच्यात मुलांचे संगोपनही येते. २०२४ मध्ये पुन्हा अशी पाहणी झाली. तिच्यात १५ ते ५९ या वयोगटासाठी स्त्रियांची १४० आणि पुरुषांची ७४ मिनिटे आली.

१३४ चे १४० झाले, म्हणून साथीनंतर स्त्रियांवरील भार वाढला, असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा, कारण दोन आकड्यांचे वयोगट वेगळे आहेत. शिवाय पाहणी २०१९ मध्ये झाली आणि नंतर २०२४ मध्ये. ज्या वर्षांत भार सर्वांत अधिक असण्याचा संभव, ती २०२० आणि २०२१ ही वर्षे दोन्हींच्या मधल्या अंधारात राहिली.

हजेरीपटाची साक्ष

शिक्षकांपाशी याच विषयाची एक नोंदवही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ती म्हणजे हजेरीपट. आजी पडली, आई मजुरीला जाते, म्हणून सातवीतली मुलगी आठवड्यातून दोन दिवस घरी राहते. तिच्या नावापुढील गैरहजेरीच्या खुणा या घरातल्या शुश्रूषेच्याच खुणा असतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मध्ये काही इयत्ता काही काळ उघडल्या, पुन्हा बंद झाल्या आणि ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. नेमक्या साथीच्या महिन्यांत हजेरीपट कोरा आहे. पण २०१९ चा आणि २०२२ चा हजेरीपट शेजारी ठेवला, तर कोणाची हजेरी घटली आणि कोण परतलेच नाही, हे दिसते. मुलींची आणि मुलांची घट वेगवेगळी काढावी. घट सारखी असेल तर कारण अन्य काही असेल. मुलींचीच अधिक असेल तर त्यामागे घरकाम, शुश्रूषा किंवा लवकर ठरलेले लग्न असू शकते. हजेरीपट प्रश्न दाखवतो, कारण सांगत नाही. कारण विचारूनच कळते.

वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून असा एखादा उपक्रम करून घेता येईल, मात्र काही पथ्ये पाळून. हजेरीपटावरील नावे काढून फक्त संख्या विद्यार्थ्यांना द्याव्यात. कोणाच्या घरी जाऊन आजाराची चौकशी त्यांनी करू नये. ज्या घरात माणूस गेले आहे, तेथे प्रश्न विचारणे हे प्रशिक्षित माणसाचे, संमती घेऊन आणि नीतिसमितीच्या परवानगीने करण्याचे काम आहे. उत्तर नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हेही विद्यार्थ्यांना याच वयात कळावे. स्वतःच्या घरापुरता उपक्रम मात्र कोणालाही करता येईल. एका आठवड्यात घरातील लहान, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी कोणी किती मिनिटे दिली, याचा तक्ता मुलांनी करावा आणि वर्गात केवळ बेरजा मांडाव्यात. अनेक मुलग्यांना आपल्या रकान्यातले शून्य तेव्हा प्रथमच दिसेल.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती येईल याबद्दल शास्त्रज्ञांत फारसे दुमत नाही. साथ सुरू झाल्यावर पायाभूत माहिती गोळा करता येत नाही, ती आधीच असावी लागते. त्यासाठी फार मोठी यंत्रणाही नको. आशा कार्यकर्तीच्या वहीत आज गरोदर मातांची आणि बालकांची यादी असते. तिच्याच शेजारी आणखी एक पान असावे. रोजच्या सहा क्रियांपैकी दोनहून अधिक क्रियांना ज्यांना मदत लागते अशी गावातील माणसे कोण, त्यांना सांभाळते कोण, आणि ती सांभाळणारी व्यक्ती उद्या आजारी पडली तर तिच्या जागी कोण उभे राहील, एवढे तीन रकाने त्यावर पुरेत. पहिले दोन रकाने अभ्यासकाला उपयोगी पडतील. तिसरा रकाना गावाला उपयोगी पडेल, आणि तो रिकामा राहिला तर कोणाच्या दारी आधी जायचे हे साथीच्या पहिल्याच दिवशी कळेल.